मडमेच्या झग्यातला डाळिंबी खण

वाळक्या कांद्याच्या टरफलांवरून हात फिरवावा तसा तो आवाज होता. कोरडा, हलका, किंचित कुरकुरता. कोजागरीची गर्दी ओसरून आमचं तुळजापूर नुकतंच पाय पसरून बसलं होतं, सोलापूरहून येणाऱ्या गाड्या अर्ध्या रिकाम्या येऊ लागल्या होत्या, आणि दुकानावरच्या आमच्या खोलीत मधाच्या रंगाचं तिरपं ऊन उतरलं होतं. त्या उन्हात माझ्या नातीनं मडमेचा झगा उलगडला आणि मला एकदम वाटलं, कुणी फार म्हातारी, फार मानी बाई बोलण्याआधी घसा साफ करते आहे! किती वर्षांनी ऐकला मी तो स्वर? कापडवाल्यांच्या घरात उभा जन्म काढला, नव्या रेशमाची सळसळ ऐकत भाताच्या शिट्ट्या मोजल्या. पण शंभरी उलटलेलं रेशीम असं कुरकुरतं, आणि ऐकणाऱ्याच्या काळजात उगाच धस्स होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

झगा आमच्या घरात आला तो एका कुलपापायी. ढोकीकडं छोट्या गाडीचे रूळ टाकायला कुणी गोरा साहेब आला होता. काम आटोपून तो परत निघाला तेव्हा त्याच्या तंबूतल्या सामानाचा लिलाव झाला. आमच्या ह्यांच्या पणजोबांचा जीव एका पेटीच्या पितळी कुलपावर जडला. कुलूप एकटं मिळेना म्हणून त्यांनी पेटी घेतली, आणि पेटीत हा झगा निघाला. कुलूप दुकानाला लागलं. पेटी देवघरात गेली. देवाची रेशमी वस्त्रं वर आणि मडमेचा झगा तळाशी, असा संसार आमच्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या बिनतक्रार केला. टाकून द्यावा असं कुणालाच वाटलं नाही. रेशीम टाकवतं का कापडवाल्याला?

आता तो झगा घर सोडून निघाला होता. माझी नात शिवानी जुनी वस्त्रं जतन करायचं शास्त्र शिकली आहे आणि पुण्यातल्या एका संग्रहालयात काम करते. तिथल्या मोठ्या बाईंनी झगा ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं, आणि अख्खं वस्त्र स्वतःच्या हातानं मांडायची पोरीची ही पहिलीच वेळ होती. अट एकच. झगा मडमेच्या अंगावर जसा होता तसा हवा. मागाहून कुणी काही जोडलं असेल तर ते उसवायचं. आणि मागाहून जोडलेलं होतं. चोळीच्या दोन्ही कुशींत, काखेपासून कंबरेपर्यंत, डाळिंबी खणाची एकेक पट्टी. देवीच्या ओटीत घालतात तोच खण, पिवळ्या काठाचा. त्या पट्ट्या माझ्या सासूनं, म्हणजे अव्वानं, माझ्यासाठी बसवल्या होत्या.

"काढून टाक," मी म्हटलं.

"आजी, नक्की? पणजीच्या हातचं आता घरात दुसरं काहीच उरलेलं नाही. गोधड्यासुद्धा गेल्या."

"काढ गं. कित्येक वर्षं माझ्या डोळ्यांत खुपतायत त्या. मडमेला तिची कंबर परत दे, आणि मला चहा."

असं म्हणाले खरी. झगा पेटीत राहिला असता तर पुढच्या दोनचार पावसाळ्यांत त्याचा चुरा झाला असता, हे शिवानीनं मला चिमटीत घेऊन दाखवलं होतं. तो वाचायचा तर अव्वाचे टाके जायचे, अव्वाचे टाके ठेवायचे तर झगा जायचा. मी झग्याच्या बाजूनं कौल दिला, आणि तो इतक्या चटकन दिला की माझं मलाच बरं वाटेना. पण बोललेलं गिळायची सवय मला कधी नव्हतीच.

वस्त्राची तपासणी म्हणजे काय प्रकार असतो हे त्या दुपारी कळलं. दोन बाजा जोडून त्यांवर माझं धुवट लुगडं अंथरलं आणि त्यावर झगा असा निजवला, जणू बाळंतिणीला न्हाऊ घालून आणून टेकवली आहे. शिवानीनं अंगठ्या काढल्या, हात धुतले, कपाळाला दिवा बांधला, डोळ्याला भिंग लावलं आणि ती त्या शिवणींमध्ये उतरली. चोळी वेगळी, घागरा वेगळा. चोळी पाठीवर नाडीनं आवळायची. घागऱ्याचा सारा घेर चुण्या घालून मागं नेलेला, आणि त्या चुण्यांखाली घोड्याच्या केसांनी भरलेली एक छोटी उशी, बाईचा मागचा भाग फुगून दिसावा म्हणून. लांब शिवणींना मशीनची टीप, बारीक काम मात्र हातचं. वरून सारं रेशीम राखी पडलेलं, विटलेलं. पण शिवणीच्या आत जी माया सोडलेली होती तिथं कधी ऊन पोचलंच नव्हतं, आणि तिथं, काय सांगू तुम्हाला, तो झगा अजून मोरपंखी होता! असा सतेज, ओला मोरपंखी की खाली दुकानात लावलेल्या नव्या साड्यांनी लाजून घडी मोडू नये.

मला मोठी मौज वाटू लागली. शिवानी एकेक शिवण वाचायची आणि त्या न पाहिलेल्या मडमेचं एकेक बिंग बाहेर पडायचं.

"आजी, कंबर दोनदा सैल केलीय हिनं. जुन्या शिवणीच्या खुणा आहेत."

"म्हणजे मडम सुटली होती!"

"किंवा बाळंतपण झालं असेल. आणि ही फॅशन तेव्हा तिच्या देशात जुनी झाली होती. आधीचाच झगा दुरुस्त करून चालवत होती ती."

"म्हणजे मडमसुद्धा जुनंच नेसत होती म्हण की! मग तो रुबाब कशाचा?"

"घेराला खालून माती लागलीय. काळी."

काळी माती! मेजवानीचा झगा घालून ही बाई रानात कशाला शिरली होती? साहेबाशी भांडून तरातरा निघाली होती, की ज्वारीची कणसं पाहायला गेली होती? शिवानी म्हणाली, ते शिवणीवरून सांगता येत नाही. मी म्हटलं, मग तुझं शास्त्र अजून कच्चं आहे. तेवढ्यात तिनं सांगितलं की त्या काळात रेशमाला धातूच्या क्षारांचं पाणी पाजत. वजन वाढायचं, कापड भारदस्त पडायचं, आणि तेच क्षार आता त्याला आतून खातायत. मी टाळीच दिली. "म्हणजे साहेबही वजनात मारत होता! आणि आम्हा दुकानदारांना उगीच नावं ठेवतात." पण पुढचा घाव माझ्या घरावर आला. चोळी ताठ राहावी म्हणून अस्तरात लपवलेल्या बारीक पट्ट्या बोटांनी चाचपत ती म्हणाली, "आणि ह्या देवमाशाच्या तोंडातल्या."

"माशाच्या?"

"हो."

शिव शिव शिव! आम्ही लिंगायत. ज्या घरात अंड्याचं चित्र असलेली पिशवीसुद्धा उंबऱ्याबाहेर रिकामी करतात, त्या घराच्या देवघरात, देवाच्या वस्त्रांखाली, इतक्या पिढ्या माशाचे अवयव नांदत होते! अव्वाला कळलं असतं तर तिनं झगा, पेटी आणि मी, तिघांनाही एकाच दिवशी दाराबाहेर ठेवलं असतं. "नावात देव आहे ना त्याच्या," मी शिवानीला म्हटलं, "तेवढ्यावर भागव, आणि तुझ्या बापाला सांगू नको."

पण हसता हसता माझ्या मनात एक विचार शिरला. माणसं जातात, त्यांची नावं पुसली जातात, आणि त्यांच्या अंगाची ठेवण मात्र कापड धरून बसतं. कोपर कुठं टेकायचं, घाम कुठं सुटायचा, कोणत्या वर्षी पोट वाढलं, सगळं. जे आपण आरशालाही दाखवत नाही ते आपलं वस्त्र निमूट टिपून घेत असतं. हे उमगल्यावर त्या मडमेचा मला थोडा कळवळा आला. बिचारीला काय ठाऊक, आपल्या कंबरेवर तुळजापुरात दोघी बाया गप्पा छाटणार आहेत!

त्या झग्याशी माझी पहिली गाठ पडली ती लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा. त्या वेळची महानंदा आज माझ्यापुढं उभी राहिली, तर मी तिला आधी पोटभर जेवू घालीन आणि मग मनसोक्त हसेन. उस्मानाबाद शहरातून आलेली, मॅट्रिक पास, आणि दूधवाल्यालाही "थँक्यू" म्हणणारी ती पोर! ओटीचे खण विकणाऱ्या घरात आपल्यासारखं रत्न पडलं याचं तिला इतकं वाईट वाटायचं की पोळ्या लाटतानाही ती मान तिरकी करून उसासे टाकायची. अव्वाच्या लेखी मी म्हणजे दागिना घातलेला नखरा, आणि माझ्या लेखी अव्वा म्हणजे शिस्तीचा वरवंटा. ती निम्मं कानडीत रागवायची, निम्मं मराठीत. मला दोन्ही कळायचं, पण एक कळत नसल्याचं सोंग मी चांगलं वठवायची.

संक्रांत तोंडावर आली होती. महिला मंडळानं हळदीकुंकवाला वेषभूषेची स्पर्धा ठेवली आणि मी ठरवलं, ऐतिहासिक गटात आपणच पहिलं यायचं, मडम होऊन! दुपारी पेटी उघडून झगा काढला. आता सांगा, चोळीची गाठ पुढं मारायची असते हे आम्हाला जन्मापासून ठाऊक. तेव्हा ज्या बाजूला नाडी ती पुढची बाजू, यात शंका कसली घ्यायची? मी तो झगा पुढचा मागं आणि मागचा पुढं असा चढवला. मडमेच्या छातीसाठी घातलेले फुगवटे माझ्या पाठीवर न फुगलेल्या पुऱ्यांसारखे लोंबले, आणि मागच्या चुण्यांचा सारा डोलारा, त्या घोड्याच्या केसांच्या उशीसकट, माझ्या पोटावर येऊन बसला. मला वाटलं, विलायतेत असंच असेल. त्यांचं सगळंच मोठं! फक्त नाडी काही केल्या आवळेना. मी श्वास कोंडून लाल झाले होते, आणि दारात अव्वा उभी.

"व्हय गं महानंदे, मडम व्हायलीस व्हय? लई हौस! आन् श्वास कुठनं घेणार हाईस, कानातनं?"

"दोन दिवस जेवण कमी करते अव्वा. मग बसेल."

"जेवण सोडून हाडं कमी व्हत न्हाईत," ती म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर पाहते तो झगा पेटीवर घडी करून ठेवलेला, आणि त्याच्या दोन्ही कुशींत खणाच्या पट्ट्या! माझ्या विलायती राखी झग्याला डाळिंबी ठिगळं! मी पाय आपटत स्वयंपाकघरात गेले. "अव्वा, हे काय केलंत? आणि दोन्ही सारख्यासुद्धा नाहीत!"

"देवीच्या ओटीचा खण हाय. गुमान घाल." तिनं वरण ढवळायचं थांबवलंसुद्धा नाही.

झगा बसला. अगदी अलगद बसला, श्वासही मोकळा झाला, आणि त्याचं सगळं श्रेय मी माझ्या दोन दिवसांच्या उपासाला दिलं! असा अजागळ आत्मविश्वास पुन्हा या जन्मी काही साधला नाही.

स्पर्धेचं काय वर्णन करावं! मी डौलात पावलं टाकत मांडवात शिरले आणि बायकांमध्ये आनंदाची एक लाटच उठली. कुणी गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, कुणी "कितवा गं?" म्हणून कानाशी आलं, आणि एका म्हातारीनं तिळाची वडी हातात कोंबून सांगितलं, "आता तिखट खाऊ नगंस." मी मडमेच्या थाटात मान हलवत होते, मला कळेना, इंग्लंडच्या बाईचं हे एवढं कौतुक कशाला? शेवटी तहसीलदारांच्या बाई डोळे पुसत पुढं आल्या. त्या शहरात राहिलेल्या होत्या. "अहो, मडम मागं फुगलेली असते हो, पुढं नाही!" मांडव हसून हसून आडवा झाला. ऐतिहासिक गटात नाव घातलेल्या मला विनोदी गटातलं पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. वाटभर मी मुसमुसत होते आणि अव्वा डबा कडेवर घेऊन पुढं चालत होती. "बक्षीस मिळालं न्हवं? मग रडतीस कशाला? डबा चांगला जाड हाय."

ही सगळी कथा शिवानीला लहानपणापासून पाठ आहे, आणि तिच्यातला 'अव्वाला धड दिसत नव्हतं तरी चष्मा लावायची नाही' हा भाग सांगताना मी नेहमी डोळे बारीक करून, सुई नाकाशी धरून नक्कल करते. दोन पट्ट्या दोन मापांच्या, यापेक्षा मोठा पुरावा कोणता? त्या दुपारीही मी नक्कल केली. शिवानी हसली नाही. उसवण्याआधी सगळ्याचं माप घ्यायचं, चित्र काढायचं, असा त्यांचा नियम; आणि माप घेता घेता तिची टेप एकाच जागी तिसऱ्यांदा गेली होती.

"आजी, पणजीला चांगलं दिसत होतं."

"कशावरून?"

"हे टाके बघा. मशीनची जुनी टीप उसवली, आणि तिच्याच भोकांतून स्वतःची सुई नेलीय. रेशमाला एक नवं भोक पाडलेलं नाही. ज्याला दिसत नाही तो असं शिवेल?" ती दुसऱ्या कुशीकडं वळली. "ही पट्टी सरळ आहे, दोन बोटांची. आणि ती बघा. वर मुंढ्याशी निमुळती, मध्ये बरगड्यांवर चांगली चार बोटं, खाली कंबरेशी पुन्हा निमुळती. काठ वळवून कापलाय. चुकून असं वळण नाही येत आजी. हे कुणाच्या तरी अंगाकडं बघून कापलंय. तुमच्या उजव्या बरगड्यांना काही..."

"छे! माझ्या उजव्या बाजूला काहीसुद्धा नाही," मी ठणकावून सांगितलं.

शिवानीनं भिंग खाली ठेवलं. "मग डाव्या बाजूला काय आहे?"

मी चहाला उठले. म्हणजे उठायला लागले. तेवढ्यात ती स्वतःशीच पुटपुटली, "थांबा, तुम्ही तर झगा पुढचा मागं करून घातला होता. म्हणजे झग्याची उजवी कूस तुमच्या डाव्या अंगावर आली." आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. माझा पदर नेहमीसारखा दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटलेला होता.

तुम्हालाही सांगूनच टाकते. माझा कणा लहानपणापासून डावीकडं वाकलेला आहे. डाव्या बरगड्या बाहेर आलेल्या, डावा खांदा किंचित वर. फार नाही, पण मुलगी खपवायची असेल तेव्हा फार. माझ्या आईनं मला बसायचं शिकवलं, चालायचं शिकवलं, पदर कसा घ्यायचा ते शिकवलं. मी शिंप्याला कधी अंगाचं माप दिलं नाही; स्वतःची पोलकी स्वतः शिवली. लग्नानंतर ह्यांना कळणारच होतं, त्यांना शपथ घातली, की अव्वाला सांगायचं नाही. त्यांनी सांगितलंही नसणार. कापडाच्या दुकानात जन्म जाऊन ज्या माणसाला स्वतःच्या सदऱ्याचं माप सांगता आलं नाही, तो माझ्या बरगड्यांचं काय सांगणार? एकुलतं एक गुपित होतं माझं, आणि ते सासरच्या बायकांत मी शेवटपर्यंत राखलं, असा मला केवढा अभिमान!

आणि आता ते बघायचे कार्यक्रम आठवा. मुलीला चालायला लावायचं, बोलायला लावायचं, हातापायांची बोटं पाहायची. आज शिवानी झग्याची पाहत होती तशीच मुलीची बांधणी आणि तशीच स्थिती पाहायची. मी डावी बाजू भिंतीकडं ठेवून बसले होते. अव्वानं सगळं पाहून झाल्यावर म्हटलं, "पोरी, येणी सोड. केस बघू." मला कोण आनंद! केस माझे कंबरेखाली. पाठ झाकायला याहून चांगला पडदा कुठला? मी पाठमोरी झाले, वेणी सोडली. अव्वा उठून जवळ आली, वजन करावं तसे तिनं ते केस दोन्ही हातांवर उचलून धरले, क्षणभर धरून ठेवले, आणि मग खाली सोडून त्यांवरून एकदा हात फिरवला. "केस चांगले हाईत," ती म्हणाली. "साखर आणा."

केस तर तिनं उचलले होते! मग त्या क्षणी तिच्या डोळ्यांपुढं दुसरं काय होतं?

मी बाजेच्या कडेला बसून राहिले आणि माझा अख्खा संसार माझ्यापुढं आतली बाजू बाहेर करून पडला. "ठेव ती घागर. मॅट्रिकवालीला न्हाय जमायचं," असं म्हणून ती माझ्या हातातली भरलेली घागर हिसकून घ्यायची, आणि मी अपमानानं धुसफुसत मागून रिकाम्या हातानं चालायची. बाळंतपणात माझ्या पाठीखाली गोधडीची घडी खसकन सरकवून "नीट नीज की गं, आडवीतिडवी पसरू नगं" म्हणून ओरडायची. दळणाला, पाट्यावर, मला बसू द्यायची नाही; "तुझं वाटण भरड हुतंय." भरड! किती वर्षं मी ह्या वाक्यांची यादी करून शेजारपाजारी सासुरवासाचे कढ काढले! एक बाई तोंडानं मला टाकून बोलत राहिली आणि हातानं माझ्या पाठीचा भार उचलत राहिली, आणि तिच्यापासून लपवायचं म्हणून मी भर वैशाखात दोन्ही खांद्यांवर पदर ओढून घामाघूम होत राहिले. ती काही बोलली का नाही? मला वाटतं, तिनं माझी लाज माझ्याकडंच ठेवली. मी लपवते आहे हे ज्याला दिसतं त्यानंच ते न पाहिल्यासारखं करणं, याला केवढं मोठं मन लागत असेल! आणि मूर्ख महानंदा समजत होती की आपण फार हुशार.

मला हसू आलं. शिवानीला वाटलं मी रडते आहे. तेही थोडं खरं होतं.

"आजी," ती म्हणाली, "मी नाही काढत ह्या पट्ट्या."

"मीही नाही काढू देत. पण मग झगा?"

तिनं कात्री पिशवीत टाकली आणि फोन घेऊन गच्चीत गेली. मी खिडकीतून पाहत होते. आधी ती उभी होती, मग येरझाऱ्या घालू लागली, मग एक हात हवेत नाचवत असं काही बोलू लागली की मला अव्वाचीच आठवण व्हावी. किती वेळ गेला कोण जाणे. पहिलंच काम पोरीचं. माझ्या पाठीपायी तिचं नुकसान होणार का? ती परत आली तेव्हा तोंड लाल झालेलं होतं.

"मोठ्या बाई हो म्हणाल्या. झगा पट्ट्यांसकट जाईल. पण आता पट्ट्या का बसवल्या ते पाटीवर लिहावं लागेल. नाहीतर लोकांना वाटेल आम्ही दुरुस्ती अर्धवट सोडली. आजी, तुम्हाला नको असेल तर नाही पाठवायचा. तुम्ही सांगाल ते."

म्हणजे जी गोष्ट मी सासरपासून, शिंप्यांपासून, शेजारणींपासून झाकली ती आता काचेच्या कपाटात दिवा लावून ठेवायची, येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचायला! मी विचारलं, "काय लिहिणार?"

"'परिधान करणाऱ्या व्यक्तीच्या शारीरिक गरजेनुसार केलेला उत्तरकालीन बदल.'"

"म्हणजे कुणाला काही कळू नये असंच की! असलं लपवणं मला तुझ्यापेक्षा चांगलं येतं. लिही, सुनेचा कणा वाकडा होता. सासूला ते ठाऊक होतं. सुनेला माहीत नव्हतं की सासूला ठाऊक आहे. आणि अव्वाचं नाव लिही, पार्वतव्वा. ठळक लिही."

"संग्रहालयात असं नाही लिहीत आजी."

"मग तुमच्या मोठ्या बाईंना फोन दे. मी बोलते."

फोन द्यावा लागला नाही. शिवानीनं लिहून घेतलं, शब्द थोडे इकडंतिकडं केले, पण 'ठाऊक होतं' तसंच ठेवलं. मग ती टेप हातात घेऊन उभी राहिली आणि जरा अडखळली. अशा असमान चोळीला सरळ पुतळा चालत नाही म्हणे. पुतळ्याला कापूस लावून त्या अंगासारखं अंग घडवावं लागतं. त्यासाठी अंग मोजावं लागतं.

या देहाला याआधी कुणी टेप लावलेली नव्हती. मी पदर खांद्यावरून काढला, कंबरेला खोचला, आणि उन्हाकडं पाठ करून उभी राहिले. दोन पदरी सुती पोलक्यातून टेप गार लागली. शिवानी एक आकडा बोलली, मग दुसऱ्या बाजूचा.

"फरक वाढलाय आजी. चार बोटांची पट्टी आता पुरणार नाही."

"वय झालं गं. तू पुतळ्याला तेव्हाचीच महानंदा दे. मूर्ख होती, पण बांध्यानं बरी होती."

ती हसली. मी सवयीनं डावा खांदा खाली दाबला, पोट आत ओढलं, आईनं शिकवला होता तसा श्वास रोखून धरला. माझ्या पाठीवर, बरोबर त्या वळणावर, तिनं तळहात ठेवला.

"अशा ताठ नका राहू," ती म्हणाली. "आहात तशा उभ्या राहा."

मी श्वास सोडला आणि उभी राहिले.